खोकणारं इंजिन

धुकं इतकं दाट होतं की धक्क्यावरच्या बायकांना पाण्याऐवजी नुसतं पांढरं दिसत होतं. अशा सकाळी त्या आपापली होडी कानांनीच ओळखत. गुरगुरत आली ती थोरल्या जावेची, शीळ घालत आली ती शेजारणीची. ओळख पटली की जिचा तिचा जीव भांड्यात पडे.

धाकटीच्या नवऱ्याचं इंजिन दमेकऱ्यासारखं खोकायचं. "गावात मान वर काढायची सोय नाही, एकदाचं दुरुस्त करा हो," म्हणून तिने वर्षभर त्याचं डोकं खाल्लं होतं. आज त्याच खोकल्यासाठी ती जिवाचे कान करून उभी होती.

एकेक बाई घरी गेली. मागे उरल्या ती आणि सासू. खोकला काही येईना. शेवटी एक होडी आली, पण अगदी मऊ, एका लयीत.

"ही आपली नव्हे गं," सासू म्हणाली आणि तिने सुनेचा दंड घट्ट धरला. धाकटी मटकन खालीच बसली.

तेवढ्यात धुक्यातून हाक आली, "अगं, ऐकलंस का? काल निघताना मिस्त्रीला गाठलाच! आता बघ, आहे का कुठे खोकला?"

सासूने डोळ्यांना पदर लावला. धाकटी मात्र ताडकन उठली.

"आत्ताच्या आत्ता त्या मिस्त्रीकडे जा," ती हुंदके देत ओरडली, "आणि होतं तसं करून आणा!"