रिकाम्या खोलीचा आकडा

हवेतली धूळ मोजण्यात माझा हात कोणी धरू शकत नाही, हे मी न लाजता सांगते. म्हणूनच भावजींचा खोकला औषधांना दाद देईना, तेव्हा ताईने मला बोलावलं.

भर दुपारी मी त्यांच्या झोपायच्या खोलीत यंत्र लावलं आणि सगळ्यांना बाहेर पिटाळलं. यंत्राच्या नळीजवळ माणूस असला की त्याच्या श्वासाबरोबर आकडा वर-खाली होतो, कुणी खोकलं तर उसळतो. रिकाम्या खोलीत मात्र धूळ बसत जाते आणि आकडा सावकाश उतरतो. यंत्र खोटं बोलत नाही. लुडबुड माणसं करतात.

खिडकी, पंखा बंद करून मी दाराला बाहेरून कडी घातली. आम्ही तिघं सोफ्यावर बसलो. आकडा माझ्या मोबाइलवर दिसत होता.

तो उतरला. मग चढला. पुन्हा उतरला.

“ताई, आत कोण आहे?”

“कोण असणार? कडी तूच घातलीस ना?”

आकडा संथ लयीत झुलत राहिला, गाढ झोपलेल्या माणसाच्या श्वासासारखा.

“काही म्हणा,” भावजी खुशीत म्हणाले, “दार लावल्यापासून एकदाही खोकलो नाही मी. छाती कशी हलकी झालीय!”

तेवढ्यात आकडा उसळला. थांबला. लागोपाठ दोनदा उसळला.

मी भावजींकडे पाहिलं. ते मागे रेलून, माझ्याकडे बघून हसत होते. त्यांची छाती हलत नव्हती.