हरतालिकेला कोयनेल

"आज तोंडानं काहीच जाणार नाही," कोकिळा म्हणाली आणि तिनं गोधडीत तोंड खुपसलं.

नर्सबाई निर्मला कोयनेलची गोळी हातात घेऊन तशीच बसून राहिली. हरतालिकेचा दिवस, त्यात लग्नानंतरची पहिलीच. हिवतापानं पोरीचं अंग नुसतं फणफणतंय, ओठ सुकलेत, आणि ही बया पाण्याचा थेंब घ्यायला तयार नाही!

"सुई टोचा ना बाई. सुईनं उपास मोडत नाही."

आता सुई आणायची कुठून? नवं राज्य झालं, राजधानी नागपूरहून भोपाळला गेली, औषधंही तिकडूनच यायची ठरली, ती अजून येतच होती. बुऱ्हाणपुराहून नावेनं तापी ओलांडून निर्मला जैनाबादेत आली, ती पिशवीत गोळ्या तेवढ्या घेऊन. ताप असाच चढला तर डोक्यात जाईल, पोर हातची जाईल, या धास्तीनं तिचा जीव खालीवर होत होता.

आणि सासू? गोदाबाई उंबऱ्यात बसून नुसती बघत होती! निर्मलाला तिचा असा राग आला, की काय सांगावं.

"अहो गोदाबाई, तुम्ही तरी सांगा! तुमचं ऐकेल ती."

"नाही ऐकायची. नवऱ्याच्या आयुष्याची गोष्ट आहे."

एवढं बोलून गोदाबाई उठली आणि चुलीपाशी गेली. तिचा लेक सुकलाल सकाळपासून केळीच्या बागेत राबून आता कुठं पहिल्या घासाला बसला होता. तिनं त्याच्यापुढचं ताटच उचललं.

"आजचा उपास तू धर. उद्या सकाळपर्यंत पाणीबी नाही."

"मी? माझ्याच आयुष्यासाठी?"

"मग काय शेजाऱ्याच्या? बायको आजारी पडली तर नवरा धरतो. रीत आहे आपली."

सुकलालनं एकदा भाकरीकडं पाहिलं, एकदा गोधडीकडं. मग हात धुतले आणि बायकोच्या उशाशी येऊन बसला.

"घे गं गोळी. उपास आता माझ्याकडं आहे."

कोकिळाला तेवढ्या तापातही हसू आलं. तिनं गोळी गिळली, कडू तोंड केलं आणि वर तांब्याभर पाणी प्याली. निर्मलाला तर त्या दोघांची दृष्ट काढावीशी वाटली.

गोदाबाई तिला नावेपर्यंत पोचवायला आली.

"अशी रीत खरंच आहे का हो?" निर्मलानं विचारलं.

"कुठली! आत्ताच सुचली मला." गोदाबाईनं पदर सारखा केला. "पोरीला सांगू नका, बाई. मी हरतालिकेला तापातबी कधी थेंब घेतला नव्हता. तरी सुकलालचे बाप गेलेच ना."