ओल्या अंगाचा रोध

“अन् माणसाचा, सर?”

मोतीराम सरांचा खडू फळ्यावरच थांबला. गीझरचं गणित नुकतंच सुटलं होतं. दोनशे तीस व्होल्ट, दहा अँपिअर. भागाकार केला की रोध तेवीस ओहम, गुणाकार केला की तेवीसशे वॅट. मुकुंदवाडीच्या विहारात दर रविवारी दुपारी नऊ बाया त्यांच्याकडं वायरमनचं काम शिकायला यायच्या. आठजणी वह्या मिटत होत्या. रूपा तेवढी पेन उघडं धरून बसली होती.

“माणसाचा काय?”

“रोध. किती ओहम असतो?”

“कोरड्या अंगाचा लई. लाखाच्या घरात जातो. ओल्या अंगाचा हजार धर.”

तिनं तिथल्या तिथं मांडलं. दोनशे तीस भागिले हजार. “पॉइंट तेवीस अँपिअर. एवढ्याशानं जीव जातो?”

“निम्म्यानंबी जातो.”

“म्हंजी त्रेपन्न वॅट.” गुणाकारही तिनं उरकला होता. “पंख्याला याच्याहून जास्त लागतं, सर.”

कुणीतरी फिसकन हसलं. सरांना हसू आलं नाही. कारखान्यातल्या तीस वर्षांत त्यांनी एक माणूस पॅनलला चिकटलेला पाहिला होता. लाकडी फळी मारून त्याला सोडवला तो त्यांनीच, पण सुटला तेव्हा तो उरला नव्हता.

वर्ग सुटल्यावर रूपा मागं थांबली. “सर, हे व्होल्टेज मोजायचं मीटर आठवडाभर घरी नेऊ का? सराव होईल.”

सरांनी दिलं. शिकायची एवढी ओढ त्यांनी फार दिवसांत पाहिली नव्हती. एकदा पाहिली होती ती तिच्या नवऱ्यात. प्रणयला हात धरून वायरिंग शिकवलं होतं सरांनीच. कंपनीत लावून दिला तोही त्यांनीच.

पुढच्या रविवारी रूपाच्या बोटाला चिंधी होती.

“काय झालं गं?”

“तव्याचा चटका बसला.”

चटका तव्याचा असता तर तिनं नजर चोरली नसती. सगळ्या गेल्यावर ती टेबलाशी आली. आवाज खाली आणून म्हणाली, “सर, करंटची गळती झाली की खटकन पडतो ना घरातला स्विच? तो कुणी आतून बायपास केला, तर वरून दिसतं का?”

“उघडल्याबिगर नाय दिसत.”

“अन् माणूस मेल्यावर? डॉक्टरला कळतं का, शॉक आपसूक बसला का कुणी दिला?”

“कशापायी इचारती हे?”

“सांगते कधीतरी. अजून माझंच पक्कं नाय.”

ती माठातलं पाणी प्यायला गेली. वही टेबलावरच राहिली. वाऱ्यानं पानं उलटली आणि शेवटचं पान उघडं पडलं.

न्हाणी. नळ ते फरशी. सोमवार ४०. बुधवार ११०. शुक्रवार २३०.

खाली पॉइंट तेवीस लिहून त्यावर दोन रेघा ओढल्या होत्या.

पोरगी दिवसागणिक व्होल्टेज चढवत चालली होती. त्या घरात राहणारी माणसं दोनच, रूपा आणि प्रणय.

तिला जाब विचारावा तर ती सावध होईल. पोलिसांत जावं तर पोरीच्या जन्माची माती. रात्रभर ते कूस बदलत राहिले. सोमवारी संध्याकाळी प्रणयची कंपनीतली पाळी सुटायच्या वेळेला ते स्टेशनजवळच्या चहाच्या टपरीवर जाऊन उभे राहिले.

प्रणय आला. “जय भीम सर! इकडं कसं काय?”

“बस. तुमच्यात काही बिनसलंय का?”

“नाय तर. का?”

सरांनी सगळं सांगितलं. ओल्या अंगाचं गणित, बायपास, डॉक्टर, वही. प्रणयनं ओठाशी नेलेला कप तसाच खाली ठेवला. चहा बशीत सांडला.

“नळाला मीटर लावून पाह्यलं तिनं?”

“व्हय. वार घालून आकडे लिहिलेत.”

प्रणयनं आजूबाजूला पाहिलं. चेहऱ्यावरचा रंग उडाला होता. “अजून कुणाला बोलला नाय ना?”

“तुझ्याबिगर कुणाला नाय. पोरा, न्हाणीत जाताना मेन स्विच बंद करत जा. अन् तिच्या माहेरच्यांना बोलावून घे.”

“तुम्ही काळजी सोडा, सर. घरातली गोष्ट हाय, मी बघतो.” तो वाकून पाया पडला. “लई उपकार झाले.”

त्या रात्री सर पोटभर जेवले आणि गाढ झोपले. कारखान्यात त्या वेळी एक जीव वाचवता आला नव्हता, या वेळी वाचला होता.

मंगळवारी सकाळी दहाच्या सुमाराला फोन वाजला. रूपा होती. धाप लागलेली.

“सर, आता सांगते. हे पाळीला गेल्यावर माळ्यावर चढून पाह्यलं. आमच्या खोलीतल्या पंख्याच्या रेग्युलेटरातून वायर काढून न्हाणीच्या लोखंडी नळाला जोडलीय. स्विच बायपास केलाय. मी आंघोळीला शिरले की हे रेग्युलेटर फिरवत्यात, दर खेपेला थोडा जास्त. शुक्रवारी नुसतं बोट लागलं म्हणून जित्ती हाय. तुमचा लाडका विद्यार्थी, म्हणून वायर डोळ्यांनी बघितल्याबिगर तोंड उघडलं नाय. पोलीस चौकीत निघालेय, तुम्हीबी या. फकस्त यांना काही कळू देऊ नका.”

सर ओरडलेच. “पोरी, आधी तिथून नीघ. आत्ताच्या आत्ता...”

“एक मिनिट सर, दार वाजतंय,” रूपा म्हणाली. “आज हे लवकर आले वाटतं.”