नवसाची नथ

मुलाला, बालाजीला नोकरी लागली तर माहूरच्या रेणुकामातेला हिऱ्याची नथ वाहीन, असा साखराबाईचा नवस होता. भोकरच्या घरी एजंटाच्या हातून नोकरीची ऑर्डर आली, तशी ती सुनेला घेऊन नांदेडला गेली. सराफानं किंमत सांगितल्यावर ती मुकाट्यानं समोरच्या इमिटेशनच्या दुकानात शिरली.

"हे हिरे न्हाईत मावशी, ऱ्हाइनस्टोन हायत," दुकानदार म्हणाला. "ऱ्हाइन म्हंजी परदेशातली नदी. पहिले तिच्या काठाला चमकते खडे सापडायचे, म्हणून हे नाव. आता काचेचेच करतेत."

"आत्याबाई, नवस हिऱ्याचा हाय," सून बबिता हळूच म्हणाली.

"नदीच्या नावाचा खडा हाय," साखराबाईनं तिला गप्प केलं. "देवीला काय नदीचं वावडं हाय का?"

नथ वाहून झाली. सोमवारी बालाजी लातूरच्या ऑफिसात रुजू व्हायला गेला आणि संध्याकाळी तोंड पाडून परत आला. ऑर्डर बनावट होती, एजंटानंच छापलेली.

साखराबाईनं एजंटाला साध्या शिव्यासुद्धा दिल्या नाहीत. तो पडला परका माणूस. जिव्हारी लागतो तो आपल्या माणसानं केलेला दगा. दुसऱ्याच दिवशी ती माहूरचा गड चढली, गाभाऱ्यासमोर उभी राहिली आणि देवीच्या मुखाकडं पाहत म्हणाली,

 

"हिऱ्याची नथ घेऊन बी अशी वागलीस, माय?"