शलाकाचा अंदाज

होडी देवळाच्या पायरीशी लागून बराच वेळ झाला, तरी वाडीतलं कोणी चढायला तयार नव्हतं.

“गेल्या साली तुमचंच ऐकून घरं सोडली. पूर आलाच न्हाई, मागं म्हस तेवढी उपाशी मेली,” तात्या म्हणाले.

तो अंदाज शलाकाचाच होता. पुरांचा अभ्यास हेच तिचं काम. धरणाचे दरवाजे उघडलेत, संध्याकाळी देऊळ बुडणार, हे यंदाचं गणित होतं; पण तिला बोलायला तोंड नव्हतं आणि या माणसांना टाकून जायला पाय उचलेना.

“मग मीही इथंच थांबते,” म्हणत ती पायरीवर बसली.

म्हाताऱ्या हौसाआक्कांनी तिचा हात धरला. तो गार पडला होता, थरथरत होता.

“अगं बया, पोरगी खरंच भ्यालीया!” आक्का ओरडल्या. “उठा समदी!”

बघता बघता होडी काठोकाठ भरली. शलाकाला जागाच उरली नाही. आक्का तिच्या शेजारून हलल्या नाहीत. “एकलीला भ्या वाटंल तुला.”

होडी परत आली तेव्हा सभामंडपाचा स्लॅब तेवढा पाण्याबाहेर होता, आणि त्यावर दोघी एकमेकींना घट्ट धरून बसल्या होत्या.