ताटातली रिकामी जागा

खुर्चीवर बसण्याआधी सुताराने तिची पाठ धरून ती जरा हलवून पाहिली. ही काही धंद्याची सवय नव्हे. तो एकशे अडतीस किलोंचा होता तेव्हाची. वजन उतरवण्यासाठी ऑपरेशन केलं, निम्म्याहून जास्त जठर कापून टाकलं, त्याला सहा वर्षं झाली. माणूस जवळजवळ निम्मा झाला, तरी परक्या घरातल्या खुर्चीचा त्याला अजून भरवसा वाटत नव्हता.

"मजबूत आहे हो, बसा!" होणारी विहीण म्हणाली. "सुतार माणूस घरी येणार म्हटल्यावर फर्निचरची परीक्षा आलीच."

सगळे हसले. सुतारही हसला आणि बसला. या घरात ऑपरेशनचं कुणालाही ठाऊक नव्हतं, आणि ते तसंच राहावं म्हणून तो सकाळपासून देवाला हात जोडत होता. त्याच्या लेकीने आणि या घरच्या मुलाने एकमेकांना केव्हाच पसंत केलं होतं. अडलं होतं ते मुलाच्या आईपाशी. आणि लेक अंगाने भरलेली, बापाचाच साचा. बापाने जाडीपायी पोट कापून घेतलं हे कळलं, की बाईंचे डोळे आधी कुठे वळतील हे सांगायला ज्योतिषी नको होता. म्हणून येताना रस्त्यात त्याने लेकीला बजावलं होतं, "माझ्या ऑपरेशनचा विषय काढायचा नाही. आणि तूही जरा बेतानेच जेव." ती नुसती "बरं" म्हणाली.

ताटं आली. कोंबडीचा हा एवढा तुकडा, बटाटे, भाताचा ढीग, वर जाडजूड पाव. सुताराचं जेवण म्हणजे एक लहान वाटी. घास बोराएवढा, तो वीस वेळा चावायचा, चमचा खाली ठेवायचा, मग पुढचा. मध्ये पाणी नाही. घाई केली की घास छातीत अडकून बसतो आणि बाहेर आल्याशिवाय सुटका नाही. घरी आता कुणाला याचं काही वाटत नाही. कारखान्यातले सोबती त्याला 'चिमणी' म्हणतात, त्याचंही त्याला काही वाटत नाही.

बाहेर जेवायची वेळ आली तर त्याची एक युक्ती ठरलेली होती. सगळ्याचे बारीक तुकडे करायचे, काही भाताखाली दडवायचे, बाकीचं कडेला सारायचं. अर्धं ताट मोकळं दिसलं की लोकांना वाटतं, जेवला बुवा. सहा वर्षांत तो एकदाही पकडला गेला नव्हता.

पण इथे गाठ विहीणबाईंशी होती. ताटात मोकळी जागा दिसली रे दिसली, की त्यांचा वाढायचा डाव तिथे हजर. त्याने सारलं, त्यांनी वाढलं. त्याने पुन्हा सारलं, त्यांनी पुन्हा वाढलं. ढीग आता मघापेक्षा मोठा झाला होता.

"माझ्या हातचं आवडलेलं दिसत नाही," त्या म्हणाल्या. आवाज हसरा होता, पण चेहरा तितकासा नव्हता.

झालं! सुताराने कोंबडीचा मोठा लचका पावासकट तोंडात कोंबला, दोनदा चावला आणि गिळला. वर आणखी एक. "फारच छान झालंय," तो म्हणाला.

दुसरा घास छातीत रुतला. कपाळावर घाम फुटला, तोंडात लाळ दाटून आली. त्याने रुमाल ओठांवर दाबला आणि डोळ्यांनी हसत राहिला. समोर लेक दोन चमचे भात चिवडत बसली होती. तिने चमचा ठेवला.

"बाबा, उठा. बाथरूम उजव्या हाताला आहे."

"काही नाही गं, ठसका लागला."

"बाबा, जा म्हणते ना."

तो गेला. तोंड धुऊन, डोळे पुसून परत आला तेव्हा टेबलाशी सगळे त्याच्याकडेच बघत होते. लेकीने सगळं सांगून टाकलं होतं.

"एकशे अडतीस?" विहीणबाईंनी विचारलं. आणि मग त्यांची नजर सावकाश लेकीकडे वळली. तिचे दंड, तिचे खांदे. वळायची तिथेच वळली.

"नाही हो, तिचं तसं काही नाही!" सुतार घाईघाईने म्हणाला. "ती अगदी कमी जेवते. हे बघा ना तिचं ताट, बघा की!"

बोलून झालं आणि त्याला स्वतःचीच शिसारी आली. उभा जन्म लोकांनी त्याचं ताट असंच बघितलं होतं. आज लेकीचं ताट तो स्वतःच दाखवत होता.

"बाबा खोटं बोलतायत, काकू," लेक म्हणाली. "मला सडकून भूक लागलीय."

तिने हात पुढे करून बापाचं ताट धरलं. दुसरी कड त्याने पकडली. क्षणभर दोघांनीही सोडलं नाही. मग त्याने सोडलं.

तिने ताट स्वतःपुढे ओढलं आणि जेवायला लागली. लाजून नाही, चिवडून नाही. चांगला मोठा घास घेतला, चवीने चावला.

"मी बाबांवर गेलेय, काकू," तिने घास गिळून सांगितलं. "आधीच माहीत असलेलं बरं."

मुलगा आईकडे बघत राहिला. विहीणबाई डाव हातात घेऊन उभ्याच होत्या. बराच वेळ त्या लेकीला जेवताना पाहत राहिल्या.

"ठेव गं ते, गार झालंय," शेवटी त्या म्हणाल्या. "थांब, तुला गरम वाढते."