मोठ्या पडद्यावरची भेट

माणूस उचलून न्यायचा, तीन जिल्हे पलीकडच्या तुरुंगात कोंबायचा आणि वर सांगायचं, "घरबसल्या भेटा, ऑनलाइन." याला तुम्ही सोय म्हणता. मायाक्काच्या घरात संगणक आहे का, हे विचारायची अक्कल तुमच्यातल्या एकालाही झाली नाही.

संगणक आणला तिच्या भाचीनं, पूनमनं. चिंचोळीच्या कारखान्यात ती पॅकिंगला आहे. तिथं भंगारात निघालेला संगणक तिनं रिक्षात घालून सोलापुरातल्या आपल्या भाड्याच्या खोलीवर आणला. आत्ता ती टेबलाखाली वाकून नवी पेठेतून आणलेला वायफायचा अडॅप्टर मागच्या खाचेत खोचत होती. नखाएवढा तुकडा.

"मोबाइलवर दिसतंय की गं," मायाक्का म्हणाली. "कशाला एवढा खटाटोप?"

"मागल्या भेटीला काय म्हणालीस, आत्ती? त्येच व्हते का दुसरं कोण, असं मलाच इचारलंस."

मोबाइलच्या तडा गेलेल्या काचेत अंगठ्याएवढा माणूस, त्यात मायाक्काच्या डोळ्यांत मोतीबिंदू. नवऱ्याशी बोलली की परक्याशी, हे तिला खरंच कळलं नव्हतं.

गुन्हा काय, तर राखीव रानात मेंढरं शिरली. झटापट झाली, राखणदाराचा हात मोडला. कुणी मोडला ते कोर्टात ठरायचंय. कधी ठरायचंय ते तुम्हालाच ठाऊक.

संगणकानं अडॅप्टर ओळखलाच नाही. पिवळं उद्गारचिन्ह दाखवून मोकळा झाला. सोबत सीडी होती, पण सीडीचा कप्पा गंजून बसलेला. मग पूनमनं ड्रायव्हर मोबाइलवर उतरवला आणि चार्जरच्या वायरीनं संगणकात घातला. तेवढ्यात खालून घरमालक रेवणप्पांचा आवाज आला. त्यांच्याच धान्याच्या दुकानातलं वायफाय जोडायचं होतं.

"आयतेन्री? झालं का? का माझं वायफाय मेंढरांनी खाल्लं?"

"पासवर्ड बरोबर हाय का मालक? घेत न्हाय!"

"पहिलं अक्षर मोठं घाल की बाई! दुकानाचं नाव हाय, बारकं कसं चालंल?"

पहिलं अक्षर मोठं घातलं. जोडलं गेलं, पण रेंजची एकच कांडी. पूनमनं अडॅप्टर काढून लांब वायरीला लावला आणि खिडकीच्या गजाला टांगला. निळा दिवा लुकलुकायला लागला. मायाक्का त्याच्याकडं बघत राहिली.

तिला मेंढरांमागचे दिवस आठवले. दिवाळी झाली की माळशिरस सोडायचं. घोड्यावर बिऱ्हाड, बिऱ्हाडावर बांधलेल्या कोंबड्या, झोळीत कुत्र्याची पिल्लं. बाया जवळच्या वाटेनं पुढं जायच्या. गडी कळप चारत डोंगराकडनं यायचे. तिनं तीन दगड मांडून चूल पेटवली की नवरा धूर बघून वळायचा. मग टेकाडाआडून त्याची शीळ यायची. तेवढ्यावर ती भाकरीचं पीठ मळायला घ्यायची. कुणाला पत्ता विचारावा लागला नाही. कुणाची परवानगी लागली नाही.

"आत्ती, लागलं बघ!"

पडदा उजळला. एक शिपाई दिसला. "कुणाची भेट?"

मायाक्कानं पूनमकडं पाहिलं. लग्न झाल्यापासून नवऱ्याचं नाव तिच्या तोंडात आलं नव्हतं. बाईनं नाव घेतलं की त्याचं आयुष्य घटतं, असं तिच्या आईनं सांगितलेलं. रेशनवर, दवाखान्यात, ठाण्यातसुद्धा तिच्या वतीनं दुसऱ्या कुणीतरी नाव सांगायचं. आताही पूनमच म्हणाली, "श्रीमंत. माळशिरसचे."

"नंबर सांगा ओ. नावं कोण ध्यानात ठेवतंय हितं?"

पूनमनं नंबर सांगितला. शिपाई मागं वळून ओरडला, "चारशे सतरा!"

"हजर, साहेब."

तो आला. मोठ्या पडद्यावर, अख्खा. पांढरी दाढी, खांदे आत गेलेले. कॅमेऱ्यासमोर बसला आणि मान खाली घातली.

"अवो," मायाक्का म्हणाली. "अवो, मी हाय."

मान हलली नाही.

"मामा, आवाज येतोय का? वर बघा की!" पूनम म्हणाली.

नाहीच.

"आवाज येतोय त्याला," शिपाई हसला. "नंबरानं हाक मारा, बाई. सवय झालीय. बाकी कशाला मान वर करत न्हाय."

पूनमनं तोंड उघडलं. मायाक्कानं झटकन तिच्या तोंडावर हात दाबला. मग ती उठली. पदर डोक्यावर घेतला. पडद्याच्या इतकी जवळ गेली, की काचेवर तिच्या श्वासाची वाफ धरली.

"श्रीमंत!"

शिपायाचं हसू थांबलं.

"श्रीमंत! कुटल्या नंबराला न्हाय, तुमाला हाक मारतीया. तुमची बायकू. ओ द्या!"